काउंटरवरचं एक पान : कळव्यातल्या औषधाच्या दुकानातल्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

काल दुपारी दुकान बंद होतं, म्हणून डिसेंबरची बिलं काढून बसले. शोधत होते भलतंच, सापडलं हे : चेहऱ्यावरच्या डागांसाठी जी तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब येते, ती महिन्याभरात ३१ गेली. फाइलला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या ६.

चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही, असं मी सगळीकडे सांगत असते. पण मी जेवायला घरी जाते, आणि रात्री साडेनऊनंतर गल्ल्यावर भाऊजी असतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वहिनी, नाव घेऊन मागतात. रोजचं गिऱ्हाईक आहे, नाही कसं म्हणणार?" त्यांना काय बोलू? दहा वर्षांपूर्वी मीही ती बाम विकावा तशी विकली आहे. लायसन्स माझ्या नावावर आहे, म्हणजे ३१ चा हिशोबही माझाच.

ठरलं असं : काउंटरवर ठेवायला एक पान करायचं. मराठीत, अर्ध्या कागदाचं. चेहऱ्यावरचे डाग आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं यावर काय करावं, काय करू नये. कोणत्याही कंपनीचं नाव नाही, 'गोरेपणा' हा शब्द नाही. आणि आजपासून ती ट्यूब कुलपाच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे.

९ जानेवारी

त्या ट्यूबमध्ये काय असतं हे आधी स्वतःसाठी नीट लिहून काढलं, कारण भाऊजींनाही समजावायचं आहे.

मूळ कल्पना १९७५ ची, क्लिगमन आणि विलिस या दोघा अमेरिकी डॉक्टरांची. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया अडवतं, ट्रेटिनॉइन त्वचेच्या वरच्या थराची उलाढाल वाढवतं, आणि या दोघांनी होणारी जळजळ दाबायला स्टेरॉइड. कल्पना चुकीची नव्हती. पुढे याच सूत्राचं सौम्य रूप, सौम्य स्टेरॉइड घालून, अमेरिकेत मंजूर झालं तेही आठ आठवड्यांपुरतं. आपल्याकडे मात्र त्या जागी जास्त जोरकस मोमेटासोन घातलेल्या ट्यूबा निघाल्या, आणि आठ आठवड्यांची आठ वर्षं झाली.

फसगत होते ती सुरुवातीलाच. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, पंधरा दिवसांत चेहरा उजळ दिसतो. बाई खूश, शेजारीणही तीच ट्यूब आणते. मग काही महिन्यांनी त्वचा कागदासारखी पातळ होते, गालांवर लाल धाग्यांसारख्या शिरा दिसायला लागतात, पुरळ उठतं, लव वाढते. थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा लावायचं. दारूसारखंच. आपल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलंय, ते इतकं पाहण्यात आलं म्हणूनच. हायड्रोक्विनोनचंही तेच : वर्षानुवर्षं लावलं तर काहींच्या गालांवर निळसर काळा रंग चढतो, आणि तो मूळ डागापेक्षा हट्टी.

२०१८ मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. खोक्यावर लाल उभी रेघ असते. ती रेघ गिऱ्हाईकाला दिसत नाही, आम्हाला दिसते.

१९ जानेवारी, रविवार

सोसायटीत हळदीकुंकू. मी कागद-पेन घेऊन गेले नव्हते, पण कामाचं बरंच मिळालं.

वाण म्हणून काय मिळावं? उजळपणाच्या क्रीमची छोटी डबी. देणाऱ्या वहिनींनी तेवीस घेतल्या होत्या, घाऊक भावात. मी घेतली, धन्यवाद म्हटलं, घरी येऊन उलटसुलट करून पाहिली. घटकांची यादी होती, भीतीदायक काही नव्हतं. बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली की मी वाणसुद्धा तपासते.

दुसरं म्हणजे, 'ब' विंगमधल्या आजींच्या कपाळावर, बरोबर कुंकवाच्या जागी, तपकिरी ठसा आहे. त्या हसून म्हणाल्या, "चाळीस वर्षांचं कुंकू मुरलंय." मुरलेलं नाही ते. हळदीत चुना कालवून केलेल्या जुन्या कुंकवाची जागा रासायनिक रंगाच्या पुडीने घेतली, आणि त्या रंगाची ॲलर्जी काही जणींना खाज न येताच डागाच्या रूपाने दिसते. टिकलीचं उलटं : तिच्या गोंदातल्या एका रसायनाने तिथला रंगच उडतो, पांढरा ठिपका पडतो. केसांच्या काळ्या रंगातल्या पीपीडी नावाच्या रसायनाने केसांच्या कडेने कपाळ आणि कानशिलं काळवंडतात. 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यातही हे पीपीडी असतं, मेंदी नावालाच.

म्हणजे पानावर पहिला प्रश्न "काय लावू?" हा नकोच. "डाग नेमका कुठे आहे, आणि तिथे तुम्ही रोज काय लावता?" हा हवा. आजींना म्हटलं, महिनाभर कुंकू भांगात नाही, कपाळावरही नाही, तज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे पाठीवर पट्ट्या लावून ॲलर्जी कशाची ते पाहणं, करून घ्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मंगळसूत्र काढायला सांगितलं.

२२ जानेवारी

आज घरचाच विषय. लेक नववीत आहे. शाळेच्या ओळखपत्राच्या फोटोत डोळ्यांखाली काळं दिसतंय म्हणून तिने फोटो दाखवलाच नव्हता, दप्तरात सापडला.

सगळे तिला एकच सांगतात : झोप, मोबाइल कमी कर. ती दहाला झोपते. माझ्या वडिलांना ही वर्तुळं होती, आत्याला आहेत, मला आहेत. बाबांचा मॅट्रिकचा काळा-पांढरा फोटो काढला, त्यातही आहेत, आणि त्या काळी खेड्यात दिवे आठला मालवत. १९६९ मध्ये अमेरिकेत एकाच कुटुंबाच्या अनेक पिढ्यांत हे उतरलेलं नोंदवलं गेलं आणि तेव्हाच डॉक्टरांनी म्हटलं होतं की हा दुर्लक्षित राहिलेला आनुवंशिक प्रकार आहे. आम्हाला आमच्या आजीने हे फुकट सांगितलं असतं.

दोघी खिडकीशी आरसा घेऊन बसलो. वर्तुळं चार तऱ्हांची. एक, खरंच रंगद्रव्य जास्त : तपकिरी, दोन्हीकडे सारखं, पुष्कळदा वरच्या पापणीवरही. दोन, पातळ त्वचेखालून रक्तवाहिन्या दिसतात : निळसर, जांभळट. पापणीची त्वचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, शरीरातली सर्वांत पातळ, त्यामुळे आतलं बाहेर दिसतंच. तीन, नुसती सावली : डोळ्याखालचा खळगा किंवा फुगलेली पिशवी. चौथी तऱ्हा म्हणजे या सगळ्यांची मिसळ, आणि बहुतेक जणी याच गटातल्या.

ओळखायला बोटाने खालची पापणी हलकेच ताणायची. रंगद्रव्य असेल तर डाग तसाच राहतो, रक्तवाहिन्या असतील तर जांभळा रंग आणखी गडद होतो. सावली असेल तर समोरून टॉर्च मारला की नाहीशी होते. लेकीचा तपकिरी रंग ताणूनही तसाच. माझा अर्धा टॉर्चने गेला. चाळिशीनंतर गालाची चरबी उतरते, खळगा पडतो, तो काही कोणतं क्रीम भरून काढणार नाही. इतकी वर्षं मी व्हिटॅमिन सी चोळलं ते सावलीवर. सावलीवर! बी.फार्म. असून.

तिला मी हे सांगितलं : हा तुझा रंग आहे, रोग नाही. फिका होऊ शकतो, पुसला जाणार नाही. पण तू डोळे चोळतेस ते थांबव. तिला धुळीची सर्दी आहे, सकाळी उठली की आधी डोळे चोळते, आणि चोळून चोळून रंग वाढतो. म्हणजे डोळ्यांखाली क्रीमपेक्षा ॲलर्जीचा उपचार आधी. हिमोग्लोबिन तपासायचं आहे, कमी असेल तरच लोहाच्या गोळ्या. कॅफिनवाल्या 'अंडर आय' जेलने रक्तवाहिन्या काही तास आकसतात, लग्नाच्या दिवसापुरतं ठीक.

ती म्हणाली, "म्हणजे आजोबांची आहेत ही?" आणि फोटो दप्तरातून काढून बाबांच्या फोटोशेजारी ठेवला. त्यावर मी काही बोलले नाही.

२९ जानेवारी

छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची त्वचा ओपीडी. कच्चा मजकूर दाखवायला गेले. गर्दी एवढी की तिथल्या डॉक्टर मॅडमनी उभ्याउभ्याच लाल पेनाने खुणा केल्या.

'हायपरपिगमेंटेशन' खोडलं. वर लिहिलं : वांग. "गालांवरचे सारखे पसरलेले तपकिरी चट्टे याला तुमच्या आजीने काय म्हटलं असतं?" खरंच की. शब्द घरात असताना मी दहा अक्षरी पाहुणा आणून बसवला होता. वांग गरोदरपणात येतो, संततिनियमनाच्या गोळ्यांनी येतो, उन्हाने वाढतो, आणि घरात आईला असेल तर मुलीला यायची शक्यता जास्त. मुरुमानंतरचा डाग वेगळा, तो वांग नव्हे.

'कायमचे घालवा' हे मी कुठूनसं उतरवलं होतं. त्यावर दोन काट. "वांग आटोक्यात राहतो. मधुमेहासारखं समजा."

किती दिवस लागतील हे मी लिहिलंच नव्हतं. त्वचेचा वरचा थर बदलायला महिनाभर लागतो, म्हणून कुठलाही उपाय आठ ते बारा आठवडे दिल्याशिवाय पारखू नये. रंग खालच्या थरात उतरला असेल तर त्याहून किती तरी जास्त, किंवा नाहीच.

एक ओळ त्यांनी स्वतः घातली : मान, काख किंवा कानशिलाजवळची त्वचा मखमलीसारखी जाड आणि काळी झाली असेल तर घासू नका, साखर तपासा. हे मळ नाही, शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण आहे. आमच्या दुकानात या मानांसाठी स्क्रब मागतात, आणि आया मुलींना "अंघोळीत मान घास" म्हणून ओरडतात.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

सूर्याच्याच दिवशी सनस्क्रीनचा हिशोब केला.

बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे ऊन किती अडेल ते सांगणारा आकडा, मोजतात तो त्वचेच्या चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम लावून. चेहरा आणि मान यांना ढोबळमानाने दोन बोटांवर टोकापासून बुडापर्यंत काढलेल्या दोन रेघा, म्हणजे साधारण एक ग्रॅम. सकाळी एकदा, दुपारी एकदा धरलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब पंचवीस दिवसांत संपते. आमच्याकडे ती गिऱ्हाइकाला चार महिने पुरते. म्हणजे वाटाण्याएवढं लावतात आणि मग म्हणतात, गुण नाही.

पण दर महिन्याला चारशे-पाचशे रुपयांची ट्यूब ही रबाळे एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या बाईला कशी सांगायची? म्हणून पानावर छत्री आधी, मग रुंद काठाची टोपी किंवा ओढणी, मग सनस्क्रीन. आणि ते घ्यायचंच तर हलक्या तपकिरी रंगाचं घ्या. सावळ्या त्वचेत वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो, आणि तो अडवायला त्या रंगातला आयर्न ऑक्साइड लागतो. पांढरं क्रीम तो अडवत नाही. अनेकींना वाटतं रंगीत म्हणजे मेकअप, म्हणून टाळतात.

भाऊजी म्हणाले, "म्हणजे छत्री विकायला ठेवू?" कल्पना वाईट नाही.

१२ फेब्रुवारी

कॉलेजची मुलगी, वरच्या ओठावर भाजल्यासारखं. लिंबू आणि खाण्याचा सोडा, वर दोन तास उन्हात क्रिकेट. लिंबाच्या रसातली द्रव्यं उन्हात त्वचा भाजतात, आणि आपल्या रंगाच्या त्वचेवर भाजल्याची पावती काळीच मिळते. डाग घालवायला गेली, मिशी घेऊन आली. पानावर एक ओळ : लिंबू वरणात. भाऊजींना आवडली.

२१ फेब्रुवारी

पहिली छपाई वाया. नौपाड्यातल्या डीटीपीवाल्याने 'जागा रिकामी दिसत होती' म्हणून कोपऱ्यात इंटरनेटवरून चित्र टाकलं : अर्धा चेहरा काळा, अर्धा गोरापान, मधे बाण. शंभर प्रती. त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही, त्याने आयुष्यभर त्वचेच्या जाहिरातीत तेच पाहिलं. पाठकोऱ्या प्रती हिशोबाला वापरते आहे. लेक म्हणाली, चित्र मी काढते. तिने छत्री काढली.

६ मार्च

आजची नोंद लिहायचं मन नाही, पण लिहिते.

पान आठवडाभर काउंटरवर आहे. त्यात ठळक ओळ होती : "स्टेरॉइडची ट्यूब लगेच बंद करा." पारसिकनगरच्या एक ताई, तीन वर्षं तीच ट्यूब लावणाऱ्या, पान घरी घेऊन गेल्या, आणि बंद केली. आज आल्या तेव्हा मी ओळखलं नाही. चेहरा लालबुंद, सुजलेला, बारीक पुळ्यांनी भरलेला. चार रात्री झोपल्या नव्हत्या, ओला पंचा तोंडावर ठेवून बसत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या कागदावर होतं म्हणून."

मला हे माहीत होतं. ९ जानेवारीच्या नोंदीत मीच लिहिलंय : थांबवलं की आग होते. पण मी ते त्या औषधाचा अवगुण म्हणून लिहिलं, कोणा बाईच्या चार रात्री म्हणून नाही. दीर्घकाळ लावलेलं स्टेरॉइड कसं सोडवायचं, सौम्य क्रीमवर आणून की दिवसाआड करून, बरोबर काय द्यायचं, हे डॉक्टरच ठरवतात. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्यांना रिक्षाने ओपीडीला नेलं. मॅडम मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळी पानं उचलली.

११ मार्च

नवी ओळ, चार वेळा लिहून : "अशी ट्यूब महिनाभराहून जास्त लावत असाल तर स्वतःच्या मनाने लावत राहू नका आणि स्वतःच्या मनाने एकदम सोडूही नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सोडताना काही आठवडे चेहरा लाल होईल, आग होईल. ते उतरतं."

लांब आहे. राहू दे.

बाकी मजकुरात एक निवांत भागही आला. डॉक्टरांच्या सल्ल्याने जे तुलनेने सौम्य उपाय असतात त्यांत ॲझेलाइक ॲसिड, गरोदर बाईलाही चालणारं. गंमत अशी की पाठीवर शिबं ज्या बुरशीने उठतात तीच बुरशी हे आम्ल बनवते. डॉक्टरांनी शिबांच्या फिक्या चट्ट्यांकडे पाहिलं आणि औषधाचा माग लागला. नियासिनामाइडही सौम्य, ते तयार झालेलं रंगद्रव्य वरच्या पेशींत पोहोचणं कमी करतं. ट्रेटिनॉइन गरोदरपणात नाही. पील (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणं) आणि लेसर ब्यूटी पार्लरमध्ये नाहीत. सावळ्या त्वचेत हात जरा जड पडला तर उपायाचाच डाग पडतो.

१४ मार्च, धूळवड

दुकान बंद. लेकीने खोबरेल लावून रंग खेळला, चष्मा घालून. डोळे चोळले नाहीत, असं तिचं म्हणणं.

२७ मार्च

रील पाहून ट्रानेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या मागायला आज तिसरी बाई. आम्ही ही गोळी पाळीत जास्त रक्तस्राव होतो त्यासाठी देतो. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या नवऱ्याने ती १९६२ मध्ये जगापुढे आणली, बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरू नयेत म्हणून. पुढे १९७९ मध्ये जपानमध्येच कोणाच्या तरी लक्षात आलं की दुसऱ्या कारणासाठी घेताना वांग फिका पडतो. वांगावर ती खरंच चालते, कमी मात्रेत. पण तिचं काम रक्ताची गुठळी टिकवणं. बाईंना विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे? "ते नेहमीचं, पाळणा लांबवायचं." संततिनियमनाची गोळीही गुठळीची शक्यता वाढवते. दोन्ही एकत्र? दिली नाही. भाऊजींनीही नसती दिली आता.

त्याच बाईंच्या पिशवीत एक डबी होती, परदेशातून कुणी आणलेली. घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, फक्त सूचना : सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका. हीच पाऱ्याची खूण. पारा दागिने खराब करतो म्हणून तेवढं प्रामाणिकपणे छापतात. चेहऱ्याला लावायच्या अशा क्रीममध्ये पारा दहा लाखांत एका भागाहून जास्त असू नये असा नियम आहे. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरममध्ये अशा क्रीममुळे मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण सापडले होते. बाई म्हणाल्या, "पण किती छान गुण आला होता." लघवीला फेस येतो का, विचारलं. गप्प झाल्या. लघवीची तपासणी लिहून घ्यायला डॉक्टरांकडे पाठवलंय.

३० एप्रिल

नव्या ओळीची छपाई, २०० प्रती, लेकीची छत्री वर. संपत आल्यात. लोक वाचतात कमी, विचारतात जास्त, आणि विचारताना बोट पानावर ठेवतात. म्हणजे उपयोग आहे.

पारसिकनगरच्या ताई परवा येऊन गेल्या. लाली बरीच उतरली. वांग होता तिथेच आहे, आता तो आधीपेक्षा स्पष्ट दिसतो. त्यांनी रंगीत सनस्क्रीन नेलं आणि चिठ्ठीवरचं ॲझेलाइक. पान नेलं नाही. मीही दिलं नाही.

'ब' विंगमधल्या आजी कुंकू लावतात. पॅच टेस्ट केली नाही. डाग त्यांचा, कपाळ त्यांचं.

एप्रिलची बिलं काढली : ती ट्यूब ७, चिठ्ठ्या ७. डिसेंबरच्या ३१ मधल्या उरलेल्या चोवीस बहुधा समोरच्या दुकानातून गेल्या. भाऊजी म्हणतात, एक पान तिकडे देऊन येतो. शिवाय कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने बायकोसाठी हिंदीत मागितलंय. 'वांग'ला हिंदीत झाईं म्हणतात, ते त्यानेच सांगितलं.